खाली कोण उभं राहणार

मेंढ्याचं उकडलेलं मुंडकं कुसायिनच्या पुढ्यात आलं. मेजवानी देमेसिनची, पण मुंडक्याचा मान मोठ्याचा. दोघं कुर्दास, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले दोस्त. त्यात कुसायिन तीन महिन्यांनी मोठा. तेव्हा आशीर्वादही त्यानेच द्यायचा होता.

त्याने तळवे उघडले. "बरा झालास. बरा राहा. आमिन." तोंडावरून हात फिरवले आणि सुरी उचलली.

"एवढाच?" देमेसिन म्हणाला. "मेंढा अख्खा कापला मी, आणि आशीर्वाद पावशेर?"

सगळे हसले. कुर्दास काहीही बोलला तरी रागवायचं नसतं, म्हणून कुसायिनही हसला. मग देमेसिनने चौथ्यांदा सदरा वर केला. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. पोटावर बोटाच्या पेराएवढे सहा व्रण.

"डॉक्टर माझ्याजवळसुद्धा नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात बसून दांडे हलवत होता आणि यंत्राचे हात माझ्या पोटात काम करत होते. अगदी आपल्या क्रेनसारखं! तिसऱ्या दिवशी चालत घरी."

कुसायिनने सुरी खाली ठेवली. तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात दोघांनी एकतीस वर्षं एकाच शेडमध्ये काढली. देमेसिन वर, क्रेनच्या उबदार केबिनमध्ये. कुसायिन खाली जमिनीवर, मालाला साखळ्या लावायचा आणि हाताने इशारे करायचा. एकदा साखळी सरकली आणि कुसायिनचा डावा हात मालाखाली सापडला. त्याने उजवा हात वर करून थांबण्याचा इशारा केला. देमेसिन थांबला. दोन बोटांची टोकं गेली, हात वाचला. त्याबद्दल देमेसिनला घड्याळ मिळालं, फाटकाजवळच्या फलकावर फोटो लागला. इशारा कोणी केला हे कोणी विचारलं नाही. आता याचं दुखणंसुद्धा केबिनमधूनच बरं झालं.

"यांनाही यंत्रानेच करायला सांगितलंय," राउशान, कुसायिनची बायको, चहा ओतता ओतता बोलून गेली. "किडनीवर गाठ आहे. सात आठवडे झाले."

देमेसिनने सदरा खाली केला.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगून गाठ विरघळणार होती का?"

"गाढवा, मी अस्तानाच्या माझ्या डॉक्टरला फोन करतो. माझं ऐकतात ते."

हे तर फारच झालं. देमेसिनच्या शब्दावर आपलं पोट उघडणार! "मी इथेच करून घेणार," कुसायिन म्हणाला. "सुरीने. माणसाच्या हाताने."

घरी राउशानने त्याला सोडलं नाही. "अहो, तुम्हाला यंत्राची भीती वाटते की देमेसिनचा हेवा?" कुसायिन उठून झोपायला गेला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, चहा मात्र वेळेवर देत राहिली. तिसऱ्या दिवशी, निदान विचारून तरी येतो म्हणत, तो अस्तानाला निघाला. गाडी देमेसिनची होती, म्हणून तो मागे बसला.

देमेसिनचा डॉक्टर, अस्खात, पस्तिशीचा होता. त्याने कागदावर किडनी काढून दाखवली. "गाठ दोन्ही पद्धतींनी निघते. पोट उघडून केलं तर बरं व्हायला जास्त दिवस लागतात. रोबोटने केलं तर बहुधा लवकर उठाल. पण मध्येच अडलं, तर उघडावं लागेल. निर्णय तुमचा."

"तुम्ही कुठे बसणार?"

"चार पावलांवर. मला आतलं सगळं मोठं दिसतं."

"ते कळलं. खाली कोण?"

"खाली म्हणजे?"

"माझ्याजवळ. यंत्राला अवजार कोण लावणार? सरकलं तर कोण बघणार?"

डॉक्टरला कळेना. देमेसिनला कळलं. "त्याला बोलवा, डॉक्टर, खाली जो कोणी उभा राहतो तो. त्याला बघितल्याशिवाय हा सही करणार नाही."

"तू बघितलं होतंस?" कुसायिनने विचारलं.

देमेसिन खुर्चीत चुळबुळला. "मला नाही सुचलं."

"एकतीस वर्षं वर बसल्यावर कसं सुचेल?"

ऑपरेशनच्या वेळी टेबलापाशी उभी राहणारी मेरुएर्त नावाची नर्स आली. चाळिशीची, नखं मुळापर्यंत कापलेली. कुसायिनने तिचे हात नीट पाहिले. "डॉक्टरांचं डोकं त्या यंत्रात असतं. तुम्हाला काही चुकीचं दिसलं तर?"

"मी 'थांबा' म्हणते, आजोबा."

"आणि हे?"

"थांबतात. का ते नंतर विचारतात."

कुसायिनने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान डोलावली.

"फोटो यांचाच लागत असेल," कुसायिन म्हणाला.

ती हसली. "तळमजल्यावर लागलाय. मीही आहे त्यात, अर्धी."

त्याने रोबोटच्या ऑपरेशनच्या संमतीचा कागद जवळ ओढला. सगळा वाचला, दोन शब्द विचारून घेतले आणि सही केली. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली.

तळमजल्यावर तो फोटोपुढे थांबला. मधे डॉक्टर, मागे यंत्र, आणि कडेला एक खांदा आणि टोपी घातलेल्या डोक्याची एक बाजू. बराच वेळ तो त्या खांद्याकडे बघत राहिला.

"साखळी सरकली त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं," देमेसिन शेजारून म्हणाला. "धूर होता. फक्त तुझा हात दिसला."

"हे तेव्हा सांगायचं होतंस. घड्याळ घेताना."

"हो."

कुसायिनला वाटलं होतं, हे ऐकलं की बरं वाटेल. वाटलं, पण थोडंच. एवढ्या वर्षांचा हेवा त्याने स्वतःच्या हाताने वाढवला होता, तो एका वाक्यावर सुटणारा नव्हता. त्याने देमेसिनच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तेच होतं.

"किती वाजले?"

"तीनला दहा कमी."

कुसायिनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीनला पाच कमी होते.

"मागे पडतंय तुझं," तो म्हणाला, आणि परतताना पुढच्या सीटवर बसला.