मेंढीच्या बापाचा मुलूख

पनवेलहून सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, लग्नाला जातात, नाहीतर पुढे अक्कलकोटला दर्शनाला जातात. मी मेंढ्यांच्या जन्माची चौकशी करायला निघाले होते. समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, "सोलापूरला काय काम काढलंत?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर दौंडपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझी नोकरी बंदराजवळच्या एका छोट्या ऑफिसात, कस्टमची कागदपत्रं तयार करण्याची. दोन देशांचा करार झाला की एकमेकांच्या मालावरची जकात माफ होते. मात्र माल मागवणाऱ्याला आपल्या देशातल्या कस्टमला दाखवावं लागतं, की हा माल खरोखर त्याच देशात जन्मलेला आहे. तिसऱ्याच कुणाचा उचलून आणलेला नाही. त्यासाठी एक दाखला लागतो आणि दाखल्यामागे पुरावे लागतात. आम्ही त्या सगळ्याला 'ओरिजिनचे कागद' म्हणतो. आमचं पोट त्यावर चालतं.

या वेळी सोलापूरच्या महादेवी अक्कांची घोंगडी ऑस्ट्रेलियाला गेली होती. तिथे एका केंद्रात माणसं डोळे मिटून गप्प बसतात आणि बसायला त्यांना घोंगडी लागते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. माल तिकडच्या बंदरात पोचला आणि अडकला. अक्कांनी कागदांसोबत जोडलेल्या माहितीत शेवटी एक ओळ होती: 'मेंढ्यांचा बाप: ऑस्ट्रेलिया.' तिकडच्या कस्टमने माल मागवणाऱ्याला विचारलं की ही लोकर नक्की कुणाची? त्याने अक्कांना विचारलं, अक्कांनी आम्हाला. समाधानकारक उत्तर गेलं नाही तर जकात बसणार होती, आणि तसं झालं तर पुढचा माल घेणार नाही, असं त्या गिऱ्हाइकाने स्वच्छ कळवलं होतं. आमचे साहेब म्हणाले, "तुम्हीच जाऊन या. मेंढपाळाकडून लेखी आणा."

सोलापूरला उतरले तेव्हा सकाळ होती, पण उन्हाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अक्कांचं दुकान एका बोळात आहे. आत शिरण्याआधी वास येतो, मग घोंगड्यांची काळी चळत दिसते, मग अक्का दिसतात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, नाकावर चष्मा.

"बर्री, बर्री," (या, या) त्या म्हणाल्या. "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढे ठेवलं. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं कामाचं बोलता आलं नाही. चटणीने नंतरची काही मिनिटं घेतली.

मग मी विचारलं, "अक्का, ती बापाची ओळ कशाला लिहिलीत?"

"रकाना होता की."

"तिथं 'इतर माहिती' म्हटलं होतं. मोकळा सोडायचा."

"मोकळा सोडला की लोकांस्नी वाटतंय, काय तर लपवलंय. आणि मला सांगा, कुठल्या कागदावर बापाचं नाव नसतंय? रेशनला असतंय, शाळेत असतंय, बँकेत असतंय. मग मेंढीचा कागद बापाशिवाय कसा पाठवू मी?"

आपण होऊन पायावर धोंडा मारून घेतलेल्या माणसाला धोंडा कसा चुकीचा होता हे समजावता येत नाही. शिवाय बापाच्या रकान्याशी माझंही जुनं वाकडं आहे. माझी मुलगी मुग्धा रांगत होती तेव्हा तिचा बाप गेला. वारला नाही, चालत गेला. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर तो रकाना येतो, आणि प्रत्येक खिडकीमागचा माणूस त्यावर बोट ठेवतो.

जेवण झाल्यावर अक्कांनी मला मागची खोली दाखवली. लोकर साठवायची ती खोली रिकामी होती.

"ह्या आठवड्यात कातरणी हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरंवाल्या बिराला शब्द दिलाय, सगळी लोकर घेतो म्हणून. मागं दोन-तीन वर्षं कुणी घेत नव्हतं, तर त्यानं बांधावर टाकून दिली बघा. त्याची बायको सखूबाई त्या ढिगाजवळ बसून रडली. आता परत कसं सांगू तिला, की नको म्हणून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्या ओळीबद्दल रागही आला. दोन्ही घेऊन आम्ही बसस्टँडवर गेलो.

बिराचं गाव माळशिरस तालुक्यातलं, पण बिरा गावात नसतो. मेंढरं असतील तिथे तो असतो, आणि मेंढरं त्या वेळी उजनीच्या काठाला होती. त्याच्याकडे मोबाईल आहे. बॅटरी टिकावी म्हणून तो बंद ठेवतो. आम्ही टेंभुर्णीपर्यंत एसटीने गेलो. पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं. काठाला उसाचे आणि केळीचे पट्टे, पाण्यात शिरलेले पाईप आणि सगळीकडे मोटारींची घरघर. मी समुद्राजवळची, पाणी दिसलं की मला मासे आठवतात. रस्त्याकडेच्या खानावळीत चिलापी होती. अक्का माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या टेबलावर बसल्या आणि ताक प्यायल्या.

"ही इथलीच का?" मी खानावळवाल्याला विचारलं.

"धरणातलीच की. सकाळी निघाल्याली हाय."

चिलापी मूळची आफ्रिकेतली, हे मला ठाऊक होतं. पण ती उजनीत जन्मली, उजनीत वाढली आणि आता माझ्या ताटात होती. कागद मागायला मन झालं नाही. मासा फार चांगला होता.

तिथून एका केळीवाल्याच्या ट्रॅक्टरने आम्हाला मेंढरांपाशी सोडलं. ती दुसऱ्याच कुणाची निघाली. तिथल्या कुत्र्याने माझी ओढणी घेतली आणि तिथल्या माणसाने वाट सांगितली. ओढणी परत मिळाली नाही. रानातून बराच वेळ चालल्यावर बिराचा तळ दिसला.

ऊस तुटलेल्या एका मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. ही इकडची रीत आहे. शेतकरी धनगराला रानात मुक्कामाला बोलावतो, मेंढरांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि धनगराला धान्य मिळतं. बिरा साठीचा, लाल पटका, पिळदार मिशा. त्याने अक्कांना नमस्कार केला, मला पाणी दिलं आणि लगेच म्हणाला, "सायेब बघितला का?"

सायेब म्हणजे तो बाप मेंढा. काळ्या मेंढरांत तो एकटा पांढरा, वळलेल्या शिंगांचा, म्हातारा आणि घरच्या मोठ्या भावासारखा नाराज. सरकारी मेंढीपालन केंद्रासाठी तो ऑस्ट्रेलियाहून आणला होता. केंद्राला नकोसा झाल्यावर बिराने तो मागून घेतला.

"इमानातनं आलाय," बिरा म्हणाला. "आमच्या गावात इमानात बसल्याला त्यो एकटाच."

मी बॅग उघडून जबाबाचा कागद काढला आणि वाचून दाखवला. या मेंढ्या इथे जन्मल्या, इथे वाढल्या, इथेच कातरल्या. खाली बिराची सही, बस.

"आन् बाप?" बिराने विचारलं.

"बापाचं विचारत नाहीत, बिरामामा. मेंढी कुठं जन्मली आणि कुठं वाढली, एवढंच."

"कोन न्हाय इचारत?"

"दोन्ही सरकारं."

बिरा म्हणाला, "मंग ह्यो कसला करार? बापाचं नाव गाळल्याल्या कागदाव मी सही करनार न्हाय. उद्या सायबाला त्वांड कसं दावू?"

सायेब माझ्या मागे उभा राहून बॅगेचा पट्टा चघळत होता.

मी समजावलं की त्याच ओळीमुळे माल अडला आहे. बिरा म्हणाला, "खरं लिवलं म्हनून आडला, आन् खोटं लिवून सुटनार व्हय?" मी म्हटलं, खोटं नाही, फक्त थोडं कमी. तो म्हणाला, "कमी खरं मजी लबाडीच की." अक्का बिराच्या बाजूने मान हलवत होत्या. मला संताप आला. एवढ्या लांब येऊन, ओढणी गमावून, मी दोन अतिप्रामाणिक माणसांच्या मध्ये सापडले होते. दोघांनी मिळून स्वतःचाच माल बुडवायचा चंग बांधला होता. ऊन उतरत होतं आणि परतीची एसटी कुणासाठी थांबणार नव्हती.

इतका वेळ पालापाशी चुलीजवळ बसलेली बिराची बायको सखूबाई चहा घेऊन आली. काखेत कोकरू होतं. "काय झालंय?" तिने विचारलं. अक्कांनी सगळं सांगितलं. माल अडलाय, आणि उत्तर गेलं नाही तर या कातरणीची लोकर घेता येणार नाही, हेही सांगितलं.

सखूबाईने कोकरू खाली ठेवलं आणि ती बिराकडे वळली.

"ह्यो सायेब आल्यापास्नं गावभर त्येच. इमानातनं आला, इमानातनं आला. आन् कोकरं कुनी काढली? आडल्याल्या मेंढीच्या पोटात हात कुनी घातला, सायबानं का तुमी?" मग मला म्हणाली, "बाई, आईचं लिवा. आई हितली, तिची आईबी हितली. बापाचा मुलूख कुटला का असंना, कोकरू पडलं त्ये ह्या मातीत. मी झेललंय."

आमच्या ऑफिसात हाच नियम इंग्रजीत भिंतीवर लावला आहे, आणि मी तो रोज वाचते. तरी तो ऐकताना मी डोळे पुसायला ओढणी शोधली, ती कुत्र्याकडे होती. चहा गरम होता, असं मी अक्कांना सांगितलं.

बिरा नरमला, पण पुरता नाही. "सायबाचं नाव मातुर कुटंतरी यायला पायजे," तो पुटपुटला.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली आणि मी पेनाचं टोपण परत लावलं. लेकी इथे जन्मल्या हे ठीक. पण सायेब स्वतः तिकडे जन्मलेला. त्याची लोकर घोंगड्यांत गेली असेल, तर तिकडच्या कस्टमचं म्हणणं बरोबर होतं, आणि मग माझ्याकडेही उपाय नव्हता.

"बिरामामा, सायबाची लोकर काय करता?"

बिराने सखूबाईकडे पाहिलं. सखूबाई पहिल्यांदाच लाजली.

"ती घोंगड्याला चालत न्हाय," बिरा म्हणाला. "लई मऊ. घोंगडं कसं, टोचाया पायजे. ती हिच्या उशीत हाय."

"सगळी?"

"सगळी. दर साली."

मी उशी बघायला मागितली. नोकरीत पहिल्यांदाच अशी तपासणी केली. पालातून ती आली. फुलाफुलांची खोळ, पोटात सायेब. एका बाजूची शिवण थोडी उसवून बघितली. आत पांढरी लोकर होती, काळा धागा एकही नव्हता. अक्कांनी सुई-दोरा काढून शिवण परत घातली. त्यांच्या पिशवीत सगळं असतं.

जबाब तिथेच पुन्हा लिहिला. या मेंढ्या व त्यांच्या आया इथे जन्मल्या, वाढल्या, कातरल्या. कळपातील 'सायेब' नावाचा नर परदेशातून आणलेला असून त्याची लोकर या मालात वापरलेली नाही. ती श्रीमती सखूबाई यांच्या उशीत आहे व खाली सही करणारीने समक्ष पाहिली आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'सायेब' हा शब्द बिराने दोनदा वाचायला लावला. मग त्याने सही केली, अक्कांनी केली, मी केली. सखूबाईने कुणी न सांगता अंगठा पुढे केला. तो लागत नव्हता, पण मी घेतला.

एसटी अर्थातच चुकली. आम्ही केळीच्या ट्रकमधून टेंभुर्णीला आलो, आणि अक्का वाटभर घडांवर हात ठेवून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत मला खिडकी मिळाली. करारासाठी दोन देशांची शहाणी माणसं किती दिवस बसली असतील, किती भांडली असतील, आणि शेवटी त्यांनी ठरवलं काय, तर कुठं जन्मलं आणि कुणी वाढवलं. एवढंच त्यांना पुरलं. मुग्धाच्या कॉलेजच्या खिडकीमागच्या माणसाला मात्र ते पुरत नाही.

उत्तर तिकडे गेलं. त्यानंतर काही दिवस कुणाचं काहीच आलं नाही. मी रोज साहेबांकडे बघायचे, साहेब कम्प्युटरकडे बघायचे. एका संध्याकाळी घरी फोन वाजला.

"सुटला माल!" अक्का ओरडत होत्या. मागून ट्रॉली रिकामी होत असल्याचा आवाज येत होता. "बिरानं लोकर आणलीया. खोली भरली बघा, दार लागंना! आणि सखूबाई विचारतीया, उशीसाठी अंगठा पुन्हा द्यायचा का?"

"नको म्हणावं," मी म्हटलं.

मुग्धा टेबलाशी बसून प्रवेशाचा अर्ज भरत होती. मी फोन ठेवला तशी तिने मान वर केली.

"आई, वडिलांचं नाव लिहू? सक्तीचं नाही म्हटलंय इथं."

"इथे जन्मलीस, इथे वाढलीस," मी म्हटलं. "राहू दे मोकळा."

अक्का तिथे असत्या तर रागावल्या असत्या. मुग्धाने तो रकाना तसाच सोडला आणि खालच्या, आईच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, मोठ्या अक्षरात. ते रकान्यात मावलं नाही. शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर आलं.