परवा येईल

गल्लीत त्याला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे त्याला परवाकाकाच म्हणतात, आणि त्याची बायको मग आपोआप परवाकाकू झाली. नाव पडलं ते दुकानामुळं. औषधाचं दुकान, पण जागा हातभर. पुढं लाकडी फळी, फळीमागं छताला टेकलेले खण, आणि खणांच्या बाजूचा पडदा सारला की लगेच घर. एवढ्याशा जागेत जगभरची औषधं कुठून मावणार? एखादी गोळी नसली की काका मान वर न करता म्हणायचा, "संपलंय. परवा येईल." आणि ती परवा यायचीच. माल आणणारी गाडी नाही आली, तर गडी स्वतः सायकल काढून ठोक बाजारात जायचा, धापा टाकत परत यायचा, पण परवाचं तेरवा होऊ द्यायचा नाही.

त्याची आणखी एक पद्धत होती. जे औषध नसेल त्याची चिठ्ठी तो ठेवून घ्यायचा. फळीच्या कडेला एक जाड तार उभी केली होती, तिच्यात चिठ्ठी खोचायचा. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेलेली. त्यातलं नाव गिऱ्हाइकाला कुठलं सांगता यायला, म्हणून ही सोय. एकदा चिठ्ठी तारेत गेली की माणूस निर्धास्त घरी जायचा. चौकात दुसरं मोठं दुकान होतं, काचेचं दार, आत गारवा, सगळं काही भरलेलं. पण आपली चिठ्ठी काकाच्या तारेत असताना तिकडं जायचं म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकल्यासारखं. कुणी जायचं नाही.

माणूस तसा गमत्या. पेन्शनीतले मास्तर चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला येत.

"रात्रभर डोळा लागत नाही रे."

"मग गल्लीची राखण करा मास्तर. पहारेकरी काढून टाकू, तुमचा चहा चालू करू."

मास्तर शिव्या घालत जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. गोळीसाठी नव्हे, बोलून घ्यायला.

एक औषध मात्र तो कुणाला देत नसे. पोट पाडायच्या गोळ्या. त्याच गोळ्या पोटातल्या जखमेवरही चालतात, म्हणून खालच्या खणात पाकिटं असायचीच. पण बाईमाणसाच्या नावाची, त्या कामासाठीची चिठ्ठी आली की त्याचा हात त्या खणाकडं जायचा नाही.

त्याला कारण होतं. त्याच्या बायकोला दिवस राहायचे आणि ते टिकायचे नाहीत. शेवटच्या खेपेला तर मूल हातात आलं होतं, ओंजळभर, पण श्वास नसलेलं. ते त्यानंच मातीत ठेवलं. हात झटकून उभा राहिला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की आपल्या हातानं कुणाचं पोट रिकामं व्हायचं नाही. घरी येऊन त्यानं बायकोला हे सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "शपथ तुम्ही घेतलीत. पोट माझं होतं." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

औषधवाल्यांच्या संघटनेच्या सभेत एकदा यावरून चांगली जुंपली होती. एक म्हणाला, "डॉक्टरनं लिहिलं, आपण द्यायचं. मन कशाला मध्ये घालता? ते घरी ठेवून या." दुसरा म्हणाला, "हात माझा आहे, मी नाही देणार, कोण काय करतो बघू." तिसऱ्यानं विचारलं, "नाही देणार तर तसं तोंडावर सांगणार का?" काका कोपऱ्यात चहात बिस्किट बुडवत बसला होता. बिस्किट तुटून कपात पडलं, ते काढण्यात त्यानं वेळ काढला.

कारण तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिभेला कधी जमलंच नाही. मग तो काय करायचा? तर मान वर न करता म्हणायचा, "संपलंय. परवा येईल." बाई परवा आली की पुन्हा परवा. बहुतेक बाया ओळखून असायच्या. दुसरा परवा ऐकला की निमूट तारेतली चिठ्ठी मागून घ्यायच्या आणि चौकात जायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. त्याची शपथही राहिली आणि चांगुलपणाही राहिला. इतकं स्वस्तात पडत होतं ते.

समोरच्या घरात एक शिंपीण राहायची. खिडकीला लावून मशीन, दिवसभर खडखड. नवरा रंगारी, लोकांची घरं रंगवायचा आणि स्वतःच्या भिंतीचे पोपडे तसेच. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि आत्ता कुठं दिवस राहिले होते. रंगाऱ्याच्या पोटात ती बातमी राहिली नाही. तिसरा महिना लागायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं. काकाला त्यानं फळीवर टेकून सांगितलं, "पाळणा मीच रंगवणार बघा. पिवळा." काका त्या दिवशी उगाच खुशीत होता. जेवताना बायकोला म्हणाला, "समोर पोर येणार आहे." ती म्हणाली, "ऐकलं मी," आणि त्याच्या ताटात वाढत राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांनी शिंपीण दुपारी चिठ्ठी घेऊन आली. खांद्यावर मोजायची टेप तशीच लोंबत होती. काकानं चिठ्ठी वाचली. खालच्या खणातल्याच गोळ्या. त्यानं पुन्हा वाचली.

"काका, आज रात्रीच घ्यायला सांगितलंय."

का, एवढं एक अक्षर त्याला विचारता आलं असतं. तिनं सांगितलं असतं. ती काही लपवायला आली नव्हती. पण त्याच्या डोक्यात एकदम रक्त चढलं. ज्यांना मिळतं त्यांना नको असतं, असं काहीतरी मनात आलं, आणि पिवळा पाळणा डोळ्यांपुढून गेला.

"संपलंय," तो म्हणाला. "परवा येईल."

"रात्री घ्यायची होती हो."

"परवा."

चिठ्ठी तारेत गेली. दोन दिवसांत हिचं मन पालटेल, त्यानं हिशेब केला. पोर वाचेल. मोठं होऊन याच फळीवर चढून गोड गोळ्यांच्या बरणीत हात घालेल, आणि आपण त्याला खोटं खोटं रागावू. उभ्याउभ्या त्यानं एवढं सगळं रंगवून टाकलं. रंगाऱ्यालाही जमलं नसतं.

परवा ती आली. चेहरा उतरला होता, एक हात फळीवर, दुसरा पोटावर.

"आली?"

"गाडीच आली नाही बघ. परवा नक्की."

तिनं एकदा तारेकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली. ती चिठ्ठी मागेल असं त्याला वाटलं होतं. बाकीच्या मागायच्या. पण तिला ती खूण ठाऊकच नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं, की काका परवा म्हणाला म्हणजे परवा.

पडद्यामागून बायको बाहेर आली. "कसली गोळी मागत होती?"

"आहे एक."

"आपल्याकडं नाही?"

"नाही म्हणालो ना."

दुसऱ्या परवाची सकाळ उजाडली ती रंगाऱ्याला घेऊन. डोळे तारवटलेले, हातात इस्पितळाचा कागद. काकानं इंजेक्शनं काढायला घेतली. जंतू रक्तात उतरले की देतात ती.

"कुणाला रे?"

"हिला. काल संध्याकाळी नेली. अंगात ताप, शुद्ध नाही. मूल आतच गेलं होतं हो, काका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थोडं पडलंय, थोडं आत राहिलंय, गोळ्या घे म्हणजे मोकळी होशील, नाहीतर सडेल. तुमच्याकडं नेमक्या नव्हत्या."

काकानं फळी धरली.

"मग दुसरीकडं का नाही गेलात? चौकात..."

"मी म्हणत होतो. ही म्हणाली, काकांनी चिठ्ठी ठेवलीय, परवा येतील. त्यांचा परवा चुकत नाही." रंगाऱ्यानं औषधं उचलली, आणि मग त्याला वाटलं, म्हातारा फारच पांढरा पडलाय. जाताजाता तोच काकाला समजावून गेला. "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? गाडी आली नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

तो गेला. काका वळला तर पडद्याशी बायको उभी. तिच्या हातात झाडणं होतं. खण रोज तीच झाडायची.

"खालच्या खणात आहेत त्या गोळ्या," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

शिंपीण वाचली. गर्भाशय काढावं लागलं. पुन्हा आई होण्याचं दार कायमचं बंद झालं. बऱ्याच दिवसांनी खिडकीतलं मशीन पुन्हा सुरू झालं, आधी जरा थांबत थांबत, मग नेहमीसारखं. काकाला ते ऐकू आलं की त्याचा मोजता मोजता आकडा चुकायचा.

सांगायचं त्यानं पुष्कळदा ठरवलं. एकदा रस्ता ओलांडून तिच्या दारापर्यंत गेलाही. ती म्हणाली, "या काका, बरं झालं आलात, हात आडवे करा." आणि टेपनं त्याचे खांदे मोजायला लागली. म्हणाली, "तुमचा कोट कोपरावर फाटलाय. तुम्ही दोनदा माझ्यासाठी गाडीवाल्याकडं खेटे घातले असतील. मला काही दुसरं देता येत नाही." काका हात आडवे करून उभा राहिला. टेप गळ्याशी आली, पाठीवरून गेली. सांगायला आला होता ते न सांगताच तो परतला. आठ दिवसांत पांढरा कोट घरी आला, डबल शिवणीचा, खिशावर पेनासाठी वेगळी घडी. तो घालणंही अवघड आणि न घालणं त्याहून अवघड. ती समोरूनच बघायची ना. त्यानं घातला.

पण एक झालं. त्यानंतर त्या कामाची पहिली चिठ्ठी आली तेव्हा त्यानं मान वर केली. समोर एक अनोळखी बाई होती. तो म्हणाला, "गोळ्या आहेत. पण मी देत नाही. माझ्या मनाला पटत नाही, तुमची काही चूक नाही. चिठ्ठी घ्या, लगेच चौकात जा, तिथं मिळतील. तिथं नसल्या तर परत या, मग मी देईन."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं मन तुमच्याजवळ ठेवा," म्हणाली आणि गेली. पुढं कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला चळ लागला. मास्तर म्हणाले, "अरे, पूर्वी कसं गोड बोलून टाळायचास." काकानं ऐकून घेतलं. तार त्यानं पक्कडीनं कापून टाकली.

रात्री बायको म्हणाली, "हे तिच्या कानावर जाणार."

"जाऊ दे."

"म्हणजे तोंडानं सांगायचं धाडस नाही, म्हणून वाऱ्यावर सोडलंत."

तिनं बरोबर ओळखलं होतं. वाट पाहणं काय असतं ते मग त्याला कळलं. दुकानाशी सावली पडली की आधी तो खांद्यावर टेप आहे का बघायचा.

ती आली ती भर दुपारी. माप द्यायला आलेल्या कुणा बाईनं तिला सांगितलं होतं. हातात चिठ्ठी नव्हती.

"काका, तुम्ही म्हणे त्या गोळ्या देत नाही. असून देत नाही."

"नाही देत."

"ही सवय कधीची?"

काकाच्या समोर उघडी बरणी होती. तिचं झाकण त्यानं लावलं.

"न देण्याची जुनी. सांगण्याची नवी."

ती थोडा वेळ उभी राहिली. कापड बेतताना उभी राहायची तशी, कात्री कुठून घालायची ते नजरेनं ठरवत.

"तेव्हा गाडी आली नव्हती, म्हणालात."

"तेव्हाही खणात होत्या," काका म्हणाला. "मला वाटलं, तुला नकोय. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. नाहीतर नुसतं नाही म्हणायला हवं होतं, तू चौकात गेली असतीस."

"हो," ती म्हणाली. "गेले असते."

पडद्यामागं भांड्यांचा आवाज थांबला होता. शिंपीण रडली नाही. आवाज चढवला नाही. काकाला वाटत होतं, तिनं फळीवरच्या बाटल्या तरी फोडाव्यात.

"कोट काढा," ती म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं बटणं काढायला घेतली. खालचं बटण घट्ट शिवलेलं होतं, निघता निघेना. ती थांबली. त्यानं खिशातलं पेन काढून फळीवर ठेवलं आणि कोट दिला. तिनं तो झटकला, शिवणीवर शिवण ठेवून चार घड्या घातल्या, नवा कपडा गिऱ्हाइकाला देताना घालतात तशा. काखेत धरला आणि रस्ता ओलांडून गेली.

मशीन त्या दिवशी बंदच राहिलं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं. महिना संपायच्या आत रंगाऱ्यानं हातगाडीवर सामान चढवलं, सगळ्यात वर मशीन. दुकानापुढून जाताना त्यानं काकाकडं पाहिलं नाही, ती तर गाडीच्या पलीकडून चालत होती.

काका अजून दुकानात बसतो. सदऱ्यावरच. तपासणीला येणाऱ्या साहेबानं हटकलं, की कोट घालायचा नियम आहे, पुढच्या वेळी दिसला पाहिजे. साहेब गेल्यावर बायको पडदा सारून म्हणाली, "शिवून घ्या एक."

काकानं समोरच्या खिडकीकडं पाहिलं. तिथं नव्या भाडेकरूंनी कुंड्या ठेवल्या होत्या.

"कुणाकडून?" तो म्हणाला.