फोटोतल्या डोंगरांची रेघ

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं, मिठागरांवर जगणारं. विमानतळासाठी गाव उठलं, घरं पडली, जवळचा एक डोंगरही कापून सपाट झाला. आम्हाला नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला. आईने पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं सामान आणलं. मागे राहिला तो फक्त माझा थोरला भाऊ.

माझ्या जन्माआधी, अगदी तान्हा असतानाच तो गेला. इतक्या लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी आमच्याच मिठागरातलं मीठ नेऊन खड्ड्यात घातलं आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली त्याला ठेवलं. वर दगड नाही, काही नाही. चिंच हीच खूण, आणि आता तीही नव्हती. वडील वारल्यावर आईने माझ्यामागे एकच धोशा लावला: ती जागा शोधून दे, एकदा तिथे दिवा लावते.

हाताशी एक फोटो होता, भाऊ गेल्यानंतर गल्फहून आलेल्या शेजाऱ्याने काढलेला. बाकीच्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. आई म्हणाली, माझा चिंचेखाली काढा. फोटोत तिच्यामागे डोंगरांची रांग आहे.

तळोज्याच्या कारखान्यात माझं कामच आकार मोजायचं. कॅमेऱ्याने टिपलेल्या सुट्या भागाची कड मूळ नमुन्याच्या कडेवर ठेवायची आणि दोन्हींत किती फरक पडतो ते गणिताने काढायचं. म्हटलं, डोंगरांचंही तसंच करू. डोंगर कापण्याआधीच्या उंचीच्या नकाशावरून कुठल्याही जागेहून डोंगर कसे दिसत असतील, ती रेघ काढता येते. ती फोटोतल्या रेघेवर ठेवायची, सरकवायची, लहानमोठी करायची. जिथे फरक सगळ्यात कमी, तिथे फोटो काढणारा उभा होता. चिंच त्याच्या समोर.

रेघ कुठेच बसेना. नवरा म्हणायचा, "एवढं टक लावून कधी माझ्याकडे बघितलं असतंस तर!" मी त्याच्यावर खेकसले. मुळात माझा स्वभाव तापट, त्यात आई रोज काही न विचारता नुसती समोर येऊन बसायची.

एका दुपारी ती अशीच तांदूळ निवडत बसली होती. तिच्या डाव्या नाकपुडीत चमकी होती. फोटोत ती उजव्या नाकपुडीत दिसत होती. म्हणजे स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला होता! रेघा जुळवायला लिहिलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला मी रेघ फिरवायची मुभा दिली होती, पण आरशातल्यासारखी उलटवायला बंदी घातली होती. कारखान्यात तशीच सवय, डावा भाग उजवीकडे चालत नाही. बंदी काढली आणि रेघ बसली.

जागा विमानतळाच्या कुंपणाच्या बाहेर निघाली. आम्ही बाजाराला रिक्षाने जातो त्या नव्या रस्त्याच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. पणती, तेल, वात, सगळं तिच्या पिशवीत होतं. रस्त्याच्या कडेला थोडं गवत होतं. तिकडे बोट दाखवलं असतं तर तिचा दिवा लागला असता, आणि तपासायला कोण येणार होतं? खोटं बोलावंसं मला फार वाटलं.

"कुठं?" तिने विचारलं.

मी रस्त्याकडे बोट केलं.

"नक्की?"

"एखाद्या घराएवढं मागेपुढे होईल. पण रस्त्यातच."

तेवढ्यात एक डंपर त्याच जागेवरून धडधडत गेला. आईने पिशवीत घातलेला हात तसाच बाहेर काढला. मला रडू आवरेना. ती मात्र बराच वेळ रस्ता बघत राहिली. रिक्षा गेल्या, शाळेची बस गेली, डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन कोळणी बोलत बोलत गेल्या.

"रडतेस कशाला?" आई म्हणाली. "मना वाटायचा, कुंपणाच्या आत पोर एकला पडला आसंल. इथं मानसांची ये-जा हाय. एकला नाय तो."