उंबरठ्याचे अडीच इंच

माझ्या एका 'हो'मुळे एका घराचा उंबरठा फरशीत बुडाला असता. ते घर नागपुरात, मिहानच्या पलीकडे नव्या ले-आउटमध्ये उभं राहत होतं आणि सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचं प्रशिक्षण म्हणून मी तिथे रोज जात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील उमरेडला हातमागावर विणायचे, माग बंद पडल्यावर ते एका गोदामात कामाला लागले. साइटवर कुणी 'इंजिनिअर साहेब' अशी हाक मारली की मी मागे वळून पाहायचो.

अशी हाक बहुतेक वेळा मिस्त्रीच मारायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, चिमटा काढायची सवय, पण शिकवायचेही. चौकट उभी करायची तर आधी ओळंबा लावायचा, तोही समोरून आणि बाजूने. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरपी मापं घ्यायची. ती सारखी आली तरच चौकट काटकोनात. चौकटीच्या दोन उभ्या पायांच्या मध्ये आडवी पट्टी ठोकून ठेवायची, नाहीतर विटांच्या दाबाने पाय आत येतात. "वरचं वजन चौकटीवर नाही देत गा," ते म्हणाले होते. "वजन दारावरचा काँक्रीटचा लिंटेल झेलते. चौकटीनं फक्त दार धरायचं." पुस्तकात हे सगळं दोन पानांत होतं. ती पानं मी पाठ केली होती. कळली होती असं म्हणवत नाही.

चौकट किती उंचीवर बसवायची हे मात्र मिस्त्री ठरवत नसत. त्या उंचीची रेघ आम्हा इंजिनिअरांकडून जायची, आणि तिच्यावरून खाली मोजून ते चौकट बसवत. साइट इंजिनिअरना मी नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांनी मला सांगितलं, "फ्लोअरपासून एक मीटरवर सगळीकडे लेव्हल मारून ठेव." एका मजुराला घेऊन, पाणी भरलेल्या नळीने पातळी जुळवत मी खांबांवर निळी रेघ मारली. नकाशातलं 'फ्लोअर' म्हणजे फरशी बसल्यानंतरची जमीन. मी मोजलं ते खालच्या खडबडीत काँक्रीटपासून.

मिस्त्रींनी रेघेकडे पाहिलं आणि विचारलं, "फरशीची जागा धरली ना गा?"

प्रश्न मला नीट कळला नव्हता. कोणती जागा, एवढंच विचारायचं होतं. पण दोन मजूर समोर उभे होते आणि गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. मी म्हणालो, "हो."

दोन दिवसांनी मुख्य दाराच्या चौकटीचा मुहूर्त होता. घर ज्यांचं, त्या काकू धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी चौकटीला हळदकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, उंबरठ्याखाली कापडाची लहानशी पुरचुंडी ठेवली. मुख्य दाराची चौकट आधी, बाकीची दारं-खिडक्या नंतर, अशी त्यांच्याकडची रीत. आणि एकदा पुजलेली चौकट जागेवरून काढायची नाही. मला पेढा देताना त्या म्हणाल्या, "तुयाही हात लागला बाबू माया घराले."

पुढच्या दोन दिवसांत दोन्ही बाजूंच्या विटा छातीपर्यंत आल्या. चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या काँक्रीटमध्ये पक्क्या झाल्या. आता वर लिंटेल भरायचा बाकी होता. तो एकदा भरला की चौकट कायमची अडकली.

त्या दुपारी काकू सीताबर्डीहून फरशीचा नमुना घेऊन आल्या. पिशवीतून काढून त्यांनी तो उंबरठ्याला टेकवला. "रंग जमते का, पाय बरं."

मी रंग पाहत नव्हतो. मी फरशीची जाडी पाहत होतो. तिच्याखाली सिमेंट-वाळूचा मसाला येणार हे मला तेव्हा सुचलं. आणि आमचं उमरेडचं घर आठवलं. तिथे जुन्या जमिनीवरच नवी फरशी टाकली होती आणि उंबरठा जमिनीबरोबर झाला होता. दार उघडेना, म्हणून वडिलांनी ते काढून अंगणात आडवं ठेवलं आणि खालून करवतीने कापलं. तेव्हापासून पावसाळ्यात अंगणातलं पाणी सरळ घरात येतं आणि आई दाराशी पोती लावत बसते.

काकू गेल्यावर मी टेप लावला. उंबरठा काँक्रीटच्या वर अडीच इंच. मसाला आणि फरशी मिळून अडीच इंच.

त्या दिवशी मी कुणालाही सांगितलं नाही. बसमध्ये बसून स्वतःलाच समजावत राहिलो की मसाला पातळ धरतील, पातळ फरशी घेतील. प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट नसेल तर वर्ष अडकतं, हेही डोक्यात होतंच. सकाळी आधी मिस्त्रींना सांगायचं, असं ठरवून गेलो. पण सर माझ्या आधी पोचले होते. लिंटेल भरण्याआधी माप तपासायला ते चौकटीशी वाकले होते. बाजूला मिस्त्री उभे.

"मिस्त्री, किती वर्षं झाली या कामात?"

"पंचवीस झाली असतील साहेब."

"आणि फरशी कुठं येते ते अजून समजत नाही? उंबरठा जमिनीत गाडून ठेवला तुम्ही."

मिस्त्रींनी खांबावरच्या निळ्या रेघेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हातातली थापी विटेवर घासून पुसायला लागले.

"बाकीच्या चौदा चौकटी दुसरा मिस्त्री लावेल," सर म्हणाले. "तुमचं काम आजपासून बंद."

मिस्त्रींनी थापी पिशवीत टाकली आणि पिशवी उचलली. मी त्यांच्या आणि सरांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"सर, रेघ मी मारली." मग उरलेलंही सांगून टाकलं. "मिस्त्रींनी मला विचारलं होतं, फरशीची जागा धरली का म्हणून. मी हो म्हणालो. मला कळलंच नव्हतं ते काय विचारताहेत."

"नव्हतं कळलं तं विचारलं काहून नाही बे?" सर माझ्यावर ओरडले.

उत्तर माझ्याकडे होतं, पण तिथे देता येण्यासारखं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून मी न कळलेल्या गोष्टींना मान हलवत आलो होतो. विचारलं तर हा इथला नाही हे सगळ्यांना कळेल, असं वाटायचं.

"तुझ्या सर्टिफिकेटचं नंतर पाहतो," सर म्हणाले. "आधी ही चौकट काढा."

"काढायची नाही." काकू केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. "पुजलेली चौकट हाय ते. मी नाही काढू देणार."

मिस्त्रींनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"काढत नाही ताई. जागच्या जागी उचलतो."

लोखंडी पट्ट्यांजवळच्या विटा त्यांनी छिन्नीने हळूहळू फोडल्या. चौकट मोकळी झाली, तशी दोन माणसांनी ती दोन्हीकडून धरली. दोन्ही पायांखाली लाकडी पाचरी बसल्या. मिस्त्री एकदा डावी ठोकत, एकदा उजवी, आणि टेप आणि ओळंबा माझ्या हातात.

"सांग गा. मोठ्यानं सांग."

"डावीकडे अर्धा. उजवीकडे पाव."

"मंग उजवी अजून ठोकतो. एक बाजू पुढं पळाली तं सांधा उघडीन."

एक इंच झाला तेव्हा वरच्या कोपऱ्यात लाकूड करकरलं. सगळे थांबले. काकूंनी उंबरठ्यावर हात ठेवला होता, तो तसाच होता. मी तिरपी मापं घेतली. एक दुसऱ्यापेक्षा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त आलं. खात्रीसाठी पुन्हा घेतलं. तेवढंच आलं, तेवढंच सांगितलं. मिस्त्रींनी उजवी पाचर जरा सैल केली, मापं जुळली, पुन्हा ठोकणं सुरू झालं. अडीच इंचांना पूर्ण तीन तास लागले. पुरचुंडी होती तिथेच राहिली, तिच्या वर मसाला भरला गेला.

सरांनी जुनी रेघ माझ्याकडूनच खरडवली आणि नवी मारून घेतली. मिस्त्रींना ते एवढंच म्हणाले, "चौदा चौकटी तुम्हीच लावा." सर्टिफिकेट मला महिनाअखेरीस मिळालं. शेऱ्याची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

चौकट उचलली त्याच दिवशी जेवणानंतर मागच्या खोलीच्या चौकटीची पाळी आली. मिस्त्रींनी नव्या रेघेकडे पाहिलं.

"काय इंजिनिअर साहेब, फरशीची जागा धरली ना?"

रेघ मीच मारली होती, सरांनी तपासलीही होती. तरी मी टेप काढला.

"थांबा. मोजून सांगतो."

ते विटांच्या थप्पीवर बसले आणि खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला. "मोज. मी बसून आहो."