इंजिन येत नाहीये

ऑगस्टच्या शेवटी आमच्या प्लाटूनला डोंगरापलीकडे पाठवलं. आम्ही राहतो त्या बॉथेलमध्ये त्या सकाळी हवा स्वच्छ होती. घाट ओलांडून ट्रक पूर्वेला उतरले आणि भर दुपारी ड्रायव्हरनं हेडलाइट लावले. सूर्य तांबडा होता, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला उन्हाचं भय नसतं, पण उजेड नसलेलं ऊन मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी राज्याच्या गार्डमध्ये होतो. म्हणजे अर्धवेळ सैनिक. महिन्यातून एक वीकेंड ड्रिल, उन्हाळ्यात कॅम्प, आणि पूर आला किंवा वणवा पेटला की बोलावणं. एरवी मी बॉथेलला सॉफ्टवेअर टेस्ट करत असे. सिटिझनशिप मिळाल्यावर वयाची मर्यादा उलटायच्या आत भरती झालो, तेव्हा तिथल्या मराठी मंडळात बरीच थट्टा झाली. "अरे, तू कोड टेस्ट करणारा, बंदूक काय धरणार?" असं एका काकूंनी वरणभात वाढता वाढता विचारलं होतं. पुढे बंदुकीपेक्षा फावडंच जास्त धरावं लागलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघताना माझी बायको मेघा एवढंच म्हणाली, "फोन चार्ज करून ठेव. आणि उगाच हीरोगिरी करू नकोस, यार." मुलीनं विचारलं, "बाबा, विल यू बी बॅक बाय संडे?" मी म्हणालो, "बघतो." आपल्या भाषेत 'बघतो' म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळत नव्हतं. मेघाला कळलं.

आमचा प्लाटून लीडर होता लेफ्टनंट ल्यूक मार्तां. लहानपणी आईवडिलांबरोबर फ्रान्समधून आलेला, एरवी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारा. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग मार्टिनसारखं, म्हणून सगळे त्याला मार्टिन म्हणत. माझं आडनाव काळे, त्याचं स्पेलिंग केल नावाच्या पालेभाजीसारखं, म्हणून मी सार्जंट केल. माझ्या पहिल्याच ड्रिलला त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुझं नाव खरं कसं म्हणतात?" घोकून घोकून त्यानं 'ळ' आणला. तेव्हापासून मीही त्याला मार्तां म्हणू लागलो. नाकातून बोलावं लागतं, पण जमतं.

पहिले काही दिवस आम्ही एका शाळेच्या मैदानात तंबू ठोकून पडून होतो. काम म्हणजे होज गुंडाळणे, पाण्याच्या बाटल्या उतरवणे आणि वाट बघणे. वणवा दोन डोंगर पलीकडे होता. कॉफीवर राख पडायची, बोटानं काढून प्यायचो. एका संध्याकाळी हरणांचा कळप गावाच्या मुख्य रस्त्यावरून शांतपणे चालत गेला. एकाही हरणानं आमच्याकडे मान वळवली नाही.

मार्तां अशा वेळी गोष्टी सांगे. देश बुडायला आला तेव्हा फ्रान्सच्या गादीवरची माणसं काय करत होती, हा त्याचा आवडता विषय. त्या माणसांची नावं मी इथे देत नाही. देवनागरीत कशीही लिहिली तरी ती चुकतात, आणि मार्तां चिडत असे.

एक राजा नोकराचे कपडे घालून बायकामुलांसह राजधानीतून पळाला. गाडी भलीमोठी आणि जड, कारण सामान सोडवेना. सीमेजवळच्या एका गावात लोकांनी त्याला ओळखलं आणि परत आणलं. मी म्हणालो, "आमचाही एक राजा पळाला होता. मिठाईच्या पेटाऱ्यातून."

"मग फरक काय?"

"आमचा राजा शत्रूच्या घरातून आपल्या माणसांकडे पळाला. तुमचा आपल्या माणसांकडून शत्रूकडे."

मार्तां खूप हसला. म्हणाला, "हे मी वर्गात वापरणार."

दुसरा एक उंच म्हातारा जनरल. देशाचा अध्यक्ष. राजधानीत रस्ते पेटले होते, कारखाने बंद होते, आणि हा एक दिवस हेलिकॉप्टरनं नाहीसा झाला. त्याच्या पंतप्रधानालाही ठावठिकाणा माहीत नव्हता. तो परत आला, रेडिओवर चार मिनिटं बोलला, आणि बाजी पलटली. "पण त्या एका दिवसाचं काय?" मार्तां विचारायचा. "त्या दिवशी देशानं कोणाला फोन करायचा होता?"

पण त्याची खरी आवडती गोष्ट होती १९४० सालची. जर्मन रणगाडे आत घुसले होते. मदतीला आलेल्या ब्रिटिश पंतप्रधानानं फ्रेंच सेनापतीला विचारलं, राखीव सैन्य कुठे आहे? सेनापतीनं मान हलवून एकच शब्द सांगितला. ओक्यून. एकही नाही. बाहेर बागेत मंत्रालयाचे कागद जाळत होते.

"त्या सेनापतीला सगळे नावं ठेवतात," मार्तां म्हणाला. "ठेवावीत. लढाई त्यानं घालवलीच. पण त्या दिवशी त्या इमारतीत खरा शब्द तेवढा एकच उच्चारला गेला. बाकीचे लोकांना सांगत होते, सगळं ठीक आहे, घरी बसा. लोक बसले. मग रस्त्यावर आले तेव्हा फार उशीर झाला होता."

प्लाटूनमध्ये तो शब्द लगेच थट्टेचा झाला. कॉफी आहे? ओक्यून. सिग्नल आहे? ओक्यून.

पाचव्या दिवशी वारा फिरला. सकाळीच हुकूम आला की नदीच्या अरुंद खोऱ्यातली घरं रिकामी करा. खोऱ्यातून बाहेर पडायला दोन रस्ते. एक वरचा, खिंडीतून जाणारा. दुसरा खालचा, नदीकाठानं पुलापर्यंत. खोऱ्यातून बाहेर रेडिओ पोचत नव्हता, डोंगर आडवे यायचे. म्हणून मार्तां आपली हमव्ही, म्हणजे लष्करी जीप, घेऊन खिंडीत थांबला. तिथून त्याला खाली आम्ही दिसायचो आणि मागे कंट्रोलशी, म्हणजे बंब आणि माणसं धाडणाऱ्या केंद्राशी, बोलता यायचं. आमचा निरोप तो पुढे द्यायचा, त्यांचा आम्हाला. मराठी माणसाला खिंड म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून ही हकिकत मी मंडळात कधी सांगितली नाही. लोक लगेच तोफांचे आवाज मोजायला लागतात.

माझ्याकडे एक ट्रक आणि आठ जवान. दुपारपर्यंत सगळी घरं रिकामी झाली, शेवटचं सोडून. तिथे मिसेस हॉलंड नावाची एकटी बाई राहायची. सत्तरी उलटलेली. पोर्चमध्ये खुर्ची टाकून, हातात बागेचा होज धरून ती बसली होती. छपरावर पाणी मारून झालं होतं.

"मॅम, निघायला हवं."

"फायर इंजिन येतंय," ती म्हणाली. "ते आलं की मी जाईन. घर एकटं सोडणार नाही."

"कोण म्हणालं येतंय?"

"कंट्रोल. सकाळपासून चार वेळा फोन केला. दर वेळी म्हणाले, ऑन द वे."

तिला उचलून नेण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. डोंगरामागून आगीचा आवाज येत होता, न संपणाऱ्या मालगाडीसारखा. माझ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला सोडून निघालो तर ती जळणार. थांबलो तर आम्ही दहाही जण.

मी रेडिओवर विचारलं. मार्तांनं कंट्रोलला विचारलं. उत्तर आलं, "इंजिन ऑन द वे."

ही भाषा मला चांगली ठाऊक आहे. आपल्याकडे 'निघालोय' म्हणणारा माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो. पण एका क्षणी मलाही वाटलं, येत असेल. असं वाटून घ्यायला फार बरं असतं.

तेवढ्यात मार्तांचा आवाज आला. "काळे, रेडिओ त्यांच्याजवळ धर. आवाज वाढव."

मी धरला.

"मॅम, मी लेफ्टनंट मार्तां. मी वर खिंडीत आहे. मला दोन्ही रस्ते दिसतात. रस्त्यावर एकही इंजिन नाही. एकही येत नाहीये. तुमचं घर जळणार आहे. मला वाईट वाटतं. आता सार्जंटबरोबर जा."

बाईनं हातातला होज खाली ठेवला. मग उठली. जाऊन नळ बंद केला, होज नीट गुंडाळून ठेवला. ट्रकमध्ये चढताना म्हणाली, "एवढंच सांगायला सकाळपासून काय झालं होतं यांना?"

ट्रक सुरू झाला. मी खिंडीकडे वळायला सांगणार, तोच मार्तां बोलला.

"वरचा रस्ता विसर. माझ्याखालचं वळण पेटलंय. नदीकाठानं जा."

"आणि तुम्ही?"

"मी तुम्हाला बघतोय. चालत राहा."

कंट्रोलनं त्याला खिंड सोडायला सांगितलं होतं. ते मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. त्यानं उत्तर दिलं, "माझा ट्रक पुलापार गेल्यावर." त्याचा ड्रायव्हर त्याच्याबरोबर नव्हता. सकाळीच एका कुटुंबाची गाडी चालवायला त्याला खाली धाडलं होतं.

नदीकाठच्या रस्त्यावर धूर इतका होता की ट्रकचं बॉनेटही दिसेना. डोळे मार्तांचे, चाकं आमची.

"हळू. पुढे लाल कोठार. त्याच्या अलीकडे थांब."

थांबलो. पुढच्या धुरात काहीतरी नारिंगी रस्ता ओलांडून गेलं. मिसेस हॉलंडनं माझ्या शेजारच्या जवानाचा हात घट्ट धरला. तो पोरगा रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

"थांब. थांब. आता. जा, जा, जा."

गेलो. कोठार आमच्या मागे कोसळलं. मग चाकांखाली लाकडी फळ्या वाजल्या आणि धूर विरळ झाला.

"पूल ओलांडला. दहा जण. सगळे ठीक."

"रॉजर, काळे. छान." 'ळ' स्पष्ट होता. "आता मी निघतो."

आम्ही पुलापलीकडे थांबून खिंडीकडे बघत राहिलो. खिंड दिसत नव्हती. तिच्या जागी काळी भिंत होती. थोड्या वेळानं तो पुन्हा बोलला. आम्हाला नाही, कंट्रोलला. पुलाजवळ मला त्याचा सेट ऐकू येत होता, आणि खरखरीतून त्यांचाही.

"कंट्रोल, माझ्या मागचा रस्ता बंद झालाय. माझ्याकडे कोणी येऊ शकेल का? काही आहे का तुमच्याकडे?"

तिकडे एक तरुण मुलगी होती. सकाळपासून तीच बोलत होती, आवाज बसला होता.

"ऑन द वे, लेफ्टनंट. ऑन द वे."



"थँक यू," मार्तां म्हणाला. अगदी मवाळपणे, वर्गातल्या घाबरलेल्या मुलाशी बोलावं तसं. त्यानंतर त्याचा सेट बोलला नाही. मी किती वेळ हाका मारल्या ते मला आठवत नाही. शेवटी कोणीतरी माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. हमव्हीपासून थोडा खाली, उताराकडे तोंड करून.

चौकशी झाली. मी जे ऐकलं ते सांगितलं. त्या मुलीचा मला राग येत नाही. तिला तसंच बोलायला शिकवलं होतं. लोक घाबरू नयेत म्हणून. शिकवणाऱ्यांचा येतो, अजून येतो. नंतर मी मुदत संपेपर्यंत गार्डमध्ये राहिलो, मग सोडलं. घरी मुलीला आता 'बघतो' म्हणत नाही. येणार असेन तर हो, नसेन तर नाही. ती तेव्हा रुसते, आणि मी रुसू देतो.

अंत्यविधी त्याच्या शाळेजवळच्या चर्चमध्ये झाला. मुलांनी बाकं भरली होती. मिसेस हॉलंड आली होती, उसन्या कोटात. विधी संपल्यावर त्याचे वडील माझ्याकडे आले. काठी टेकत, ताठ.

"शेवटी रेडिओवर तुम्ही होतात?"

"हो, सर."

"त्यानं मदत मागितली?"

"एकदा."

"त्यांनी काय सांगितलं?"

मी सांगितलं. शब्द न शब्द. त्यांनी डोळे मिटले.

"आणि त्यानं विश्वास ठेवला?"

"नाही, सर. थँक यू म्हणाला."

वडिलांनी मान हलवली आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.

फर्स्ट लेफ्टनंट ल्यूक मार्तां. इतिहासाचा शिक्षक. त्या दिवशी त्या खोऱ्यात सगळ्यांना खरं सांगणारा तो एकटा होता, आणि त्याला खरं सांगायला कोणी नव्हतं.