सुग्रीवच्या गाडीचा क्लच

नेकनूरच्या बसथांब्यामागं आश्रुबा मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. दुष्काळाच्या त्या वर्षी दिवाळी होताच निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. आश्रुबाचा मुलगा आणि सून गेले, नातवंडं सांभाळायला बायको मनकर्णाही गेली. आश्रुबा स्वतःच भाकरी थापायचा, गॅरेज उघडून बसायचा. कधी कधी दुपार झाली तरी तोंडातून शब्द निघालेला नसायचा.

एका सकाळी सुग्रीव आपली मोटरसायकल ढकलत आला. दूध संस्थेसाठी तो गावोगाव फिरून दूध गोळा करायचा.

"मिस्त्री, इंजन लई बोंबलतंय, पन गाडी वढत न्हाई. चढाला तर जागीच थांबती."

"क्लच स्लिप मारतोय."

आश्रुबानं लिव्हर दाबून पाहिली. तार ताणलेली होती. ती ढिली करून त्यानं पुढचं चाक भिंतीला टेकवलं, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन गचका खाऊन बंद पडलं असतं. ते गुरगुरतच राहिलं.

"प्लेटा गेल्या. क्लचवर बोटं ठिवूनच चालवतूस का बे?"

"खड्ड्यात क्यान उडत्यात. भ्याव वाटतंय."

"त्येनंच जळल्यात बग."

झाकण काढताच जळका वास आला. प्लेटा काळ्याठिक्कर पडल्या होत्या. काम करता करता आश्रुबा बोलत सुटला. मनकर्णाची कंबर, फडावरच्या पाचटाच्या कोपीतली थंडी, धाकट्या नातवाचा खोकला. सुग्रीव हूं हूं करत होता. बस आली तसा तो उठला.

"उद्या येतो."

आश्रुबानं बीडहून प्लेटा आणल्या, रात्रभर तेलात भिजवून बसवल्या. सुग्रीव आला नाही. पाचव्या दिवशी कंडक्टरनं निरोप दिला. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेनं दूध गोळा करणं बंद केलं. सुग्रीवही ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेला होता.

बॅटरी उतरू नये म्हणून आश्रुबा दर आठवड्याला गाडी चालू करायचा. एकदा सुग्रीवच्या गावापर्यंत जाऊन आला. डेअरीला कुलूप होतं.

गुढीपाडव्यानंतर सुग्रीव आला, पार वाळून गेलेला. त्यानं गाडी चढावर नेऊन आणली.

"झकास वढतीय! काकू आल्या का?"

"त्येंचा कारखाना चालू हाय अजून."

"यितील आता," म्हणून त्यानं किक मारली. घरी लेकरं वाट पाहत होती.

आश्रुबा रस्त्यावर उभा राहून ऐकत होता. गाडी एका सुरात चढ चढून गेली. आवाज विरल्यावर तो आत आला आणि गाडीची रिकामी जागा झाडून काढली.