सुनेच्या नवसाचं पाणी

देव आहे, एवढं मी मानत होते. आपल्या घरच्या भानगडीत तो लक्ष घालतो, हे मात्र मला पटत नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं, देवचंदचं, लिव्हर निकामी झालं. सुनेने, कांताने, आपल्या लिव्हरचा तुकडा दिला आणि नागपूरला दोघांचं ऑपरेशन झालं. आत जाण्याआधी ती नवस बोलली होती: नवरा घरी आला तर देवरीकडच्या जंगलातल्या देवीच्या झऱ्याचं पाणी त्याला पाजीन. त्या पाण्याची रीत अशी, की लोटा वाटेत जमिनीवर टेकवायचा नाही, पाणी चुलीवर चढवायचं नाही आणि दिवस बुडायच्या आत पाजायचं.

देवचंद कामठ्याला घरी आला. तोंडावर तेज आलं, दोन्ही वेळा भात जेवू लागला. कांता पाण्याची आठवण करून देऊ लागली. तेवढ्यात तपासणीसाठी नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की दुसऱ्याचं लिव्हर शरीराला परकं वाटतं. शरीराने ते नाकारू नये म्हणून गोळ्या देतात, पण त्याच गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. ती किती उरली हे पाहायला त्यांनी वेगळं रक्त तपासलं होतं. देवचंदची ताकद फार खाली गेली होती. उकळल्याशिवाय पाणी नको, गर्दी नको, मातीत हात नको, असं त्या म्हणाल्या.

"ताप नाही, खोकला नाही. मंग तुमाले आधीच कसं समजते? ज्योतिषी आहा का?" मी विचारलं.

त्या हसल्या. "ज्योतिषी नाही, आजी. तो आजारी पडेलच असं मी म्हणत नाही. धोका मोठा आहे म्हणते. ताप आल्यावर सांगून काय उपयोग?"

घरी कांता रडली. "आई, देवीनं त्याहिले वाचवलं, अन् आता तिलेच नाही म्हणाचं?" तिची जखमही अजून दुखत होती. जिने लिव्हर दिलं तिला गप्प बस म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पाणी मी आणते, एवढंच म्हणाले. पाजायचं की नाही, ते माझंच ठरलेलं नव्हतं.

झऱ्यावरून पाणी भरून परतताना एसटीत लोटा मांडीवर धरून बसले. पाजलं तर पोराच्या जिवाला धोका, नाही पाजलं तर सून मनातून खचणार. मला काही सुचत नाही, तूच पाहा, असं देवीला म्हटलं. शेजारी एक अनोळखी बाई होती, मांडीवर चार-पाच वर्षांची पोरगी. एका वळणावर पोरगी भडाभडा ओकली. बाईने काही न विचारता माझ्या हातातला लोटा घेतला, पोरीचं तोंड धुतलं आणि उरलेलं पाणी तिला पाजलं.

"अवं, नवसाचं पाणी होतं ते!" मी ओरडले.

"मंग तं बरंच झालं. माही पोरगी जीव टाकून राहिली होती. देवीले का समजत नाही?" ती म्हणाली आणि रिकामा लोटा माझ्या हातात दिला. पुढच्या थांब्यावर दोघी उतरून गेल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही.

कांता दारातच उभी होती. "पाणी कुठी आहे?"

"पाजलं."

"कोणाले?"

मी सगळं सांगितलं. तिने लोटा हातात घेऊन आत पाहिलं. मग म्हणाली, "पोरगी ओकाची थांबली का?"

"थांबली."

"मंग पोचलं," ती म्हणाली, आणि नवऱ्यासाठी पाणी उकळायला चुलीकडे गेली.

पुढे औषधाची मात्रा बदलली, पथ्य कडक पाळलं, पुढच्या तपासण्यांत ताकद हळूहळू वर आली. आज देवचंद धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात उतरतो. याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. ते पाणी त्या पोरीला चाललं, माझ्या पोराला कदाचित चाललं नसतं. डॉक्टरीणबाईंना तो धोका रक्तात दिसला. मलाही तो कळत होता, पण लोटा हातातून सुटत नव्हता. तो कोणीतरी येऊन घेतला. सांजेला दिवा लावताना त्या मायलेकींसाठीही हात जोडते. नाव माहीत नाही, पण त्याने अडत नाही.